घरचा सिनेमा कोणत्या भाषेत बोलणार?

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक पाय महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत ठेवून उभे राहता येते. राज्याची सीमा फलाटावरूनच गेली आहे. गाडीची सूचना मराठीत होते, गुजरातीत होते, हिंदीत आणि इंग्रजीतही होते. आपल्याकडच्या माणसाला याचे नवल वाटत नाही. गाडीत बसायचे, उधन्याला उतरायचे आणि कामाला लागायचे, हे खानदेशातल्या कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्यांपासून चालत आले आहे. उधन्याहून मुंबईच्या दिशेने निघाले की भेस्तान लागते आणि त्यापुढचे स्टेशन सचिन.

हे नाव ऐकले की आपल्याला क्रिकेट आठवते. पण सचिन हे गाव त्याच्या पुष्कळ आधीचे. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि पेशव्यांनी त्याच्या बदल्यात त्याला हा मुलूख दिला. तेव्हापासून १९४८ पर्यंत सचिन हे एक छोटे संस्थान होते. पुढे येथे औद्योगिक वसाहत झाली, माग आले, कापडाला रंग देणाऱ्या मिल आल्या, आणि त्यांच्यामागोमाग धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे आली. २०२० मध्ये हे गाव सुरत महापालिकेच्या हद्दीत गेले.

अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मुलाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी घरात आई अहिराणीत हाका मारते. नाक्यावर चहावाल्याशी गुजरातीत बोलणे होते. खात्यात ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारची माणसे, म्हणून तेथे हिंदी. गावाकडून आलेली लग्नपत्रिका मराठीत. आता हाच मुलगा चार मित्रांना घेऊन मोबाइलवर एक छोटा सिनेमा करायला निघाला, तर त्या सिनेमातली माणसे कोणत्या भाषेत बोलतील?

बहुतेक वेळा याचे उत्तर ठरलेले असते. 'हिंदीत करू, सगळ्यांना कळेल.' हे उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. मात्र ते फार लवकर दिले जाते. सिनेमा अर्धा झाला असताना तो आपल्याच माणसांना दाखवला, तर हे उत्तर पुष्कळदा बदलते. म्हणून आज लिहायचे आहे ते कच्चा सिनेमा दाखवण्याविषयी.

सचिनचे सिनेमाशी नाते

सचिनचा आणि सिनेमाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. मूकपटांच्या काळात फातमा बेगम नावाची एक नटी होती. ती रंगभूमीवरून आली. १९२२ च्या 'वीर अभिमन्यू' या चित्रपटात तिने काम केले आणि १९२६ मध्ये स्वतःची चित्रपट कंपनी काढली. 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट तिने त्याच वर्षी दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून तिचे नाव घेतले जाते. सचिनच्या नवाबाशी तिचा विवाह झाला होता असे सांगतात. त्याची नोंद मात्र मिळत नाही.

तिच्या तीन मुलींपैकी झुबेदा ही सुरतेत जन्मली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला आणि भारतीय सिनेमा पहिल्यांदा बोलू लागला. त्या पहिल्या बोलपटाची नायिका हीच झुबेदा. तोवर पडद्यावरच्या माणसाला भाषा नव्हती. राजा असो की भिकारी, मराठी असो की गुजराती, तो फक्त हातवारे करायचा आणि मजकूर पाटीवर यायचा. त्या दिवसानंतर प्रत्येक सिनेमाला हा प्रश्न सोडवावा लागला की आपली माणसे कोणत्या बोलीत बोलणार. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने हरिश्चंद्राची कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' काढला, तो मराठीत आणि हिंदीतही. म्हणजे सचिनच्या मुलासमोरचा पेच नव्वद वर्षांहून जुना आहे.

वाटाण्याचा वेल आणि सोळा तिकिटे

कच्चे काम दाखवण्याचा धडा घ्यायचा तर त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्याकडून घ्यावा. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांचे चित्रपट का होऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तेथे काम पाहिले, कॅमेरा घेतला आणि परतले. कॅमेरा आला, पण चित्रपटाला लागणारा पैसा नव्हता. आणि न पाहिलेल्या वस्तूला पैसे कोण देणार?

तेव्हा त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' बाजूला ठेवला आणि एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा लावून ते रोज थोडे थोडे चित्र घेत राहिले. महिन्याहून अधिक काळ हे चालले. सगळी चित्रे एकापाठोपाठ एक दाखवली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला, वेल वर चढला. हा एवढासा तुकडा त्यांनी निवडक माणसांना दाखवला. ती माणसे थक्क झाली आणि त्यांच्यापैकी काहींनी पैसा द्यायची तयारी दाखवली. भारतीय सिनेमाचा पाया एका कच्च्या तुकड्यावर उभा आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

पुढचे काम तर घरगुतीच होते. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे करीत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. एकदा मंडळी लाकडी तलवारी आणि ढाली घेऊन वांगणी गावी चित्रणाला गेली, तर गावकऱ्यांना वाटले दरोडेखोरच आले. पोलिसांनी त्यांना अडकवले. फाळके आले आणि त्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली. आजही गावात चित्रण करायचे असेल आणि हातात खोटी का होईना हत्यारे असतील, तर आधी पोलीस पाटलाच्या कानावर घालावे हे बरे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात हा चित्रपट लागला आणि चालला. मग तो सुरतेला आला. तेथे पहिल्या खेळाला गल्ला जमला अवघा ३ रुपये. तीन आण्यांचे तिकीट धरले तर सोळा माणसे. थिएटरच्या मालकाने सुचवले, एक तर चित्रपटाची लांबी वाढवा नाहीतर तिकीट कमी करा. सुरतेच्या लोकांना दोन आण्यांत तासन् तास चालणारी नाटके पाहायची सवय होती. त्यांच्या दृष्टीने हा सौदा महाग होता.

फाळक्यांनी दोन्ही सूचना नाकारल्या. पण मालकाचे म्हणणे त्यांनी नीट ऐकले होते. लोकांना 'थोडे मिळते' असे वाटते आहे, ही खरी गोम त्यांना कळली. त्यांनी गुजरातीत जाहिरात दिली की फक्त तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ पाहा. गल्ला पुढे तीनशे रुपयांपर्यंत गेल्याचे सांगतात. गंमत अशी की यातला एक आकडा खरा आहे आणि दुसरा फुगवलेला. चित्रपट सुमारे ३७०० फूट लांब होता आणि एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा हिशेब जवळपास जुळतो. दोन मैल म्हणजे मात्र साडेदहा हजार फूट!

जाहिरातीतली अतिशयोक्ती सोडून देऊ. घेण्यासारखे ते हे की प्रेक्षकाची तक्रार ऐकावी, पण त्याने सुचवलेला उपाय तसाच्या तसा उचलू नये. तक्रार बहुधा खरी असते. उपाय आपण शोधायचा असतो. आणि फाळक्यांनी सुरतकरांना जे सांगितले ते सुरतकरांच्या भाषेत सांगितले, हेही लक्षात ठेवावे.

मालेगावची सायकल

फाळके फार मोठे, असे कोणाला वाटेल. तर जवळचे उदाहरण घेऊ. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. २००० च्या सुमारास त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवर आले. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला आणि बसंतीची बासमती. चित्रपट गावात तुफान चालला. पुढे फैझा अहमद खान यांनी मालेगावच्या या वेडाविषयी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो जगभर दाखवला गेला. २०२५ मध्ये नासिर शेख यांच्या जीवनावर आधारलेला रीमा कागती यांचा हिंदी चित्रपटही आला. त्या माहितीपटातला सुपरमॅन, शफीक शेख, हा मागावर काम करणारा मुलगा होता. तो २०११ मध्ये कर्करोगाने गेला.

मालेगावच्या या चित्रपटांची भाषा लक्ष देऊन ऐका. ती मुंबईची हिंदी नाही आणि लखनौची उर्दूही नाही. मालेगावच्या गल्लीत जशी बोलतात तशीच ती आहे, मराठी शब्दांची फोडणी दिलेली. गावाला हसू आले ते आपलीच बोली पडद्यावर ऐकून. 'सगळ्यांना कळेल' म्हणून त्यांनी ती धुऊन पुसून घेतली असती, तर मूळच्या 'शोले'ची ती एक फिकी नक्कल झाली असती.

माय काय म्हणेल?

आता सचिनच्या चाळीकडे परत येऊ. समजा, चार मुलांनी दहा मिनिटांचा सिनेमा करायचे ठरवले. गोष्ट साधी आहे. मुलगा रात्रपाळीला आहे, गावाहून आईचा फोन येतो, मागांच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही. खर्च किती? मोबाइल घरचाच, शंभर-दोनशे रुपयांचा स्टँड, चहा-नाश्ता. उजेडासाठी सकाळचे ऊन. सिनेमात सर्वांत आधी आवाज फसतो, हे मात्र आधीच ओळखून ठेवावे. लांबून धरलेल्या मोबाइलमध्ये संवाद येत नाहीत, खडखडाट तेवढा येतो. म्हणून दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून आवाज वेगळा घ्यावा आणि संकलनात तो चित्राशी जुळवावा. गाणे चित्रपटातले उचलू नये, पुढे हक्काची कटकट होते. घरातल्या म्हातारीची जात्यावरची ओवी असेल तर ती तिला विचारून घ्यावी.

चित्रण झाले, तुकडे ओळीने लावले. त्याला या धंद्यात कच्चा कट म्हणतात. आता येथेच बहुतेक जण चुकतात. कोणी कच्चे काम लाजेपोटी कोणालाच दाखवत नाही. कोणी ते थेट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर अंगठे येतात, 'एक नंबर भावा' असे येते, आणि हातात काही पडत नाही. शिवाय एकदा सुटलेला तुकडा परत येत नाही. तोच गावभर 'सिनेमा' म्हणून फिरतो.

कच्चा कट समोर बसवून दाखवावा. एका वेळी पाच-सहा माणसे पुरेत. त्यात एक म्हातारी असावी, एक शाळकरी पोर असावे, खात्यातला एक अमराठी सोबती असावा आणि एक शेजारचा गुजराती. दाखवण्याआधी प्रस्तावना करू नये. 'अजून संगीत टाकायचे आहे, हे असे नव्हे तसे आहे' असे म्हटले की समोरचा तुमची बाजू घेऊ लागतो. दिवे मालवावेत आणि आपण बाजूला बसून पडद्याऐवजी पाहणाऱ्यांची तोंडे पाहावीत. कोण कोणत्या क्षणी चुळबुळला, कोणी मोबाइल काढला, कोठे हसू आले आणि कोठे यायला हवे होते पण आले नाही, हे कागदावर मिनिटासह टिपून ठेवावे.

नंतर 'आवडले का?' असे विचारू नये. आपल्याकडे चहा पाजणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. 'काय घडले ते सांगा' असे विचारावे. आजीने सांगितलेली गोष्ट आणि तुमच्या मनातली गोष्ट यांत अंतर पडले, तर तेथे काम बाकी आहे असे समजावे. एकदा आवाज बंद करून दाखवावे. तरीही गोष्ट कळली, तर चित्र पक्के. मग एकदा चित्र झाकून नुसता आवाज ऐकवावा. भाषा खरी की खोटी, ते येथे उघडे पडते.

आमच्या कल्पनेतल्या सिनेमात आई फोनवर म्हणते, 'बेटा, मला तुझी खूप आठवण येते.' वाक्य मालिकेतून आलेले आहे. चाळीतली एखादी आजी लगेच म्हणेल, 'अशी कोणती माय बोलते रे? ती आधी विचारेल, जेवला का?' एवढ्या एका बोलण्याने सिनेमा जागेवर येतो. आईने आपल्या बोलीत बोलावे, मुलाने खात्यात हिंदीत बोलावे आणि फोन कानाला लागताच त्याचीही बोली बदलावी. गोष्ट खरे तर तीच आहे. हिंदीत सगळे सारखे करून टाकले असते, तर ती कळलीच नसती. अमराठी सोबत्यालाही ती कळेल. त्याचीही आई कोठेतरी गंजामला किंवा छपऱ्याला फोन धरून बसलेली असते. शब्द अडलेच तर खाली हिंदी-गुजराती ओळी देता येतात.

बोली आणि प्रमाण

येथे आपल्या पानाच्या नेहमीच्या वाचकाला एक शंका येईल. अहिराणीत सिनेमा केला तर मराठीचे काय? सीमेवर मराठी आधीच कोपऱ्यात गेली आहे. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेले, तेव्हा तेथली बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर किती वाद झाला ते जुन्या माणसांना आठवत असेल. अशा वेळी आपणच बोलीचे वेगळे दार उघडावे काय?

मला वाटते, भीती उलट बाजूने बाळगायला हवी. मुलाला प्रमाण मराठी शाळेत भेटते, आणि सचिनमध्ये तर कितीतरी मराठी मुले गुजराती शाळेत जातात. त्याच्याजवळ मराठीचा म्हणून जो धागा उरतो तो घरातल्या बोलीचा. 'माझा'च्या जागी 'मना' म्हणणारा, 'आहे'च्या जागी 'शे' म्हणणारा. तो धागाच लाजेने तोडला, तर प्रमाण मराठी कोणत्या खुंटीला बांधणार?

खानदेशातच याचा दाखला आहे. बहिणाबाई चौधरी शेतात, जात्यावर, आपल्या बोलीत रचत गेल्या. अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव यांनी ती रचना उतरवून ठेवली, आणि बहिणाबाई गेल्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, तीही भीतभीतच. अत्र्यांनी ती डोक्यावर घेतली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आज महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात ही बोली मराठी म्हणूनच शिकवली जाते. वही पेटीतच राहिली असती तर? कोणाला तरी दाखवली म्हणून ती राहिली.

श्रावणात सुरतेकडची खानदेशी घरे कानबाई बसवतात. रोट होतात, पाहुणे येतात, गावाकडची माणसे गाडी भरून उधन्याला उतरतात. एका ठिकाणी म्हातारी, तरुण, पोरे आणि शेजारी सगळी जमण्याचा याहून चांगला मुहूर्त कोणता? रात्री जेवणे झाली की भिंतीवर पांढरी चादर लावावी आणि तो दहा मिनिटांचा कच्चा कट दाखवावा. नवापूर-साक्रीकडच्या गावांतही हे गणपतीत जमेल, निपाणी-बेळगावकडेही जमेल. भिंत सगळीकडे आहे, चादरही आहे.

आजी नाक मुरडेल, एखादा काका म्हणेल आमच्या वेळी असे नव्हते, पोरे मधेच उठून पळतील. तो सगळा हिशेब वहीत मांडावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे ऊन आले की फसलेला प्रसंग पुन्हा घ्यावा.